शेतकरी कामगार पक्ष, नांदेड व लातूर भागातील

मार्क्सवादाचा अंगीकार करूनही साम्यवादी पक्षापासून अलग राहिलेला महाराष्ट्रातील एक प्रादेशिक पक्ष. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत या पक्षाचे केशवराव धोंडगे नांदेडमधून व उद्धवराव पाटील लातूरमधून निवडून आले. त्या वर्षी पक्षाला एकूण ५ जागा मिळाल्या. परभणी धरून त्यांपैकी ३ मराठवाड्यातील होत्या. १९८० मध्ये नांदेड व लातूर हे दोन्ही मतदारसंघ काँग्रेसकडे गेले. या चढउताराचा उलगडा पक्षाच्या धोरणापेक्षा त्याच्या नेतृत्वाच्या घडणीत अधिक होतो.

केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी नेत्यांनी १९४७ मध्ये काँग्रेसअंतर्गत गट म्हणून पक्षाची उभारणी केली व १९४८ मध्ये तो स्वतंत्र झाला. १९५० च्या दाभाडी अधिवेशनात त्याने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. पश्चिम महाराष्ट्रात पक्षामागे सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीची परंपरा होती. मराठवाड्यात ती क्षीण होती. येथील कार्यकर्ते प्रामुख्याने हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आले. जहागिरी, लेव्हीची सक्ती आणि रझाकारांचे अत्याचार हा त्यांचा राजकीय अनुभव होता. त्यामुळे जेधे व मोरे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतल्यानंतरही मराठवाड्यातील शाखा तग धरून राहिली.

हैदराबाद राज्यात डाव्यांपुढे दोन मार्ग होते. नांदेडच्या पूर्वेकडील तालुक्यांना लागून असलेल्या तेलंगणात साम्यवाद्यांनी १९४६ ते १९५१ या काळात सशस्त्र लढा दिला. शेतकरी कामगार पक्षाने मोर्चा, सत्याग्रह आणि विधिमंडळ यांचा आश्रय घेतला. १९५२ च्या हैदराबाद विधानसभेत १७५ पैकी १० जागा त्यास मिळाल्या. साम्यवाद्यांच्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटला ४२ मिळाल्या. संख्येने हा गट लहान असला, तरी कुळांचे हक्क व शेतसारा हे प्रश्न सभागृहात सतत मांडण्याची सवय त्याला लागली. पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीत पक्ष सामील झाला.

या कार्यपद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मन्याड खोऱ्यातील कंधार. येथून १९५७ मध्ये धोंडगे प्रथम विधानसभेवर गेले. श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीच्या शाळा-महाविद्यालयांतून खेड्यापाड्यांतील मुले शिकली व त्यांतूनच पक्षाला कार्यकर्ते मिळाले. ‘जयक्रांती’ साप्ताहिक हे प्रचाराचे साधन होते, तर गुराखी साहित्य संमेलन ही धोंडग्यांची खास कल्पना. गुरे राखणाऱ्यांना साहित्याचे व्यासपीठ देणारा हा उपक्रम अनेकांना विक्षिप्त वाटला. परंतु ज्यांच्या नावाने पक्ष बोलत होता त्यांना प्रत्यक्ष बोलते करण्याचा तो प्रयत्न होता, हे विसरता येत नाही. विधिमंडळातील सर्व आयुधे वापरून सरकारला जेरीस आणणारे सदस्य म्हणून धोंडग्यांचा लौकिक होता. आणीबाणीत त्यांना कारावास घडला. गुरुनाथराव कुरुडे हे त्यांचे दीर्घकाळचे सहकारी. पक्षात परस्परांना ‘भाई’ म्हणण्याची प्रथा असली, तरी निर्णयाची सूत्रे व्यवहारात एकाच हाती एकवटली.

लातूरकडील परिस्थिती निराळी होती. अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. नंतर ते उस्मानाबादमध्ये आले आणि १९८२ मध्ये स्वतंत्र लातूर जिल्हा झाला. सलग संघटना उभारण्यास हे अनुकूल नव्हते. उद्धवराव पाटलांचे कार्यक्षेत्र मूळचे उस्मानाबाद. हैदराबाद विधानसभेपासूनचा त्यांचा संसदीय अनुभव दांडगा होता, पण लातुरात त्यांच्यामागे कंधारसारखे संस्थांचे जाळे नव्हते. सहकारी संस्थांच्या वाढीबरोबर या भागातील सधन शेतकरी काँग्रेसकडेच राहिला.

१९७७ चा विजय काही अंशी आणीबाणीविरोधी लाटेचा होता. १९७८ मध्ये पक्षाचे १३ आमदार निवडून आले आणि तो शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात सहभागी झाला. तीस वर्षे विरोधात घडलेल्या पक्षाला सत्तेतील धाकट्या भागीदाराची भूमिका पेलणे अवघड होते. फेब्रुवारी १९८० मध्ये मंत्रिमंडळ बरखास्त झाल्यावर पदरी फारसे काही उरले नाही. शेतमालाच्या भावाचा प्रश्न शेतकरी संघटनेने उचलला, तर १९८५ नंतर शिवसेनेने ग्रामीण तरुणांना आपल्याकडे वळविले. काँग्रेसविरोधाचे क्षेत्र अशा रीतीने दुसऱ्यांच्या हाती गेले.

कंधारमधून धोंडगे १९८५ व १९९० मध्ये पुन्हा निवडून आले, १ जानेवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. २०१९ मध्ये पक्षाचा राज्यातील एकमेव आमदार याच परिसरातील लोहा मतदारसंघातून निवडून आला होता. २०२४ मध्ये ती जागाही पक्षाकडे राहिली नाही.