नियंत्रक-पेटी, नाताळच्या रोषणाईची

अंगणात, छपराच्या कडेला किंवा झाडांवर केलेल्या नाताळच्या रोषणाईचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आणि त्याचा वीजपुरवठा पाऊस-बर्फापासून सांभाळणारी, कमी खर्चाची, बहुधा घरीच तयार केलेली पेटी. तिचा वापर मुख्यतः अमेरिकेतल्या हौशी रोषणाईकारांमध्ये रुजला.

नाताळच्या झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा १८८२ मध्ये न्यूयॉर्कला, एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी लागले. ते घरात असल्याने अशा पेटीची गरज नव्हती. २००४ मध्ये ओहायो राज्यातल्या मेसन गावी कार्सन विल्यम्स या अभियंत्याने घरावरचे दिवे संगणकाच्या साहाय्याने संगीताच्या तालावर चालवले. पुढच्या वर्षी त्याची चित्रफीत इंटरनेटवर पसरली आणि या छंदाकडे अनेकांचे लक्ष गेले. आता डब्ल्यूएस२८११ सारख्या चिपमुळे माळेतल्या प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचे तळहाताएवढे बोर्ड हे काम करते. मात्र त्याच्या शेजारी घरातली वीज ५ किंवा १२ व्होल्टवर आणणारा वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस, लागतो. म्हणजे १२० व्होल्टची वीज आणि नाजूक बोर्ड एकाच पेटीत येतात.

पेटी म्हणून पीव्हीसीचे जंक्शन बॉक्स, काडतुसांसाठी मिळणारे प्लास्टिकचे डबे आणि केबल टीव्हीच्या जोडण्यांसाठी बाहेरच्या भिंतीवर लावायच्या पेट्या वापरतात. स्वयंपाकघरातले हवाबंद डबे सर्वांत स्वस्त, पण त्यांचे प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते आणि आगीपुढे टिकत नाही. कमी व्होल्टेजच्या बोर्डाला ते एखादा हंगाम पुरतील. १२० व्होल्टची जोडणी त्यात कधीही करू नये. पत्र्याची पेटी मजबूत असते, पण तिला अर्थिंग लागते आणि तिच्यामुळे बोर्डाचे वाय-फाय अडते.

पेटीवरच्या आयपी अंकांपैकी पहिला धुळीपासूनच्या आणि दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा. आयपी६५ पेटीत धूळ जात नाही आणि पाण्याचा फवाराही शिरत नाही. पण हा दर्जा भोके न पाडलेल्या पेटीचा. ड्रिलने भोक पाडले की त्या जागी तेवढ्याच दर्जाचा केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती रबर आवळणारे तोंड, बसेपर्यंत तो अंक निरर्थक. ग्लँडचे रबर गोल वायरसाठी असते. नाताळच्या माळांची चपटी वायर त्यातून नेली तर रबर कितीही आवळले तरी दोन्ही कडांना फट राहते. म्हणून पेटीत शिरणारा तुकडा गोल केबलचाच घ्यावा आणि चपट्या वायरीशी जोड बाहेर, पाणी न शिरणाऱ्या कनेक्टरने करावा.

पेट्या वरून गळतात तेवढ्याच आतूनही ओल्या होतात, आणि नवशिके नेमके इथेच फसतात. दिवसा उन्हाने आणि एसएमपीएसच्या उष्णतेने आतली हवा प्रसरण पावते. रात्री दिवे बंद झाले की ती आकसते आणि झाकणाच्या गॅस्केटमधून, अगदी केबलच्या आवरणाखालच्या तारांमधूनही, बाहेरची दमट हवा ओढली जाते. थंडीने त्या बाष्पाचे थेंब होतात. पेटी जितकी घट्ट, तितके हे पाणी अडकून राहते. उपाय म्हणजे सगळ्या वायरी तळातूनच आत घेणे आणि तळाच्या सर्वांत खालच्या जागी ३-४ मिलिमीटरचे निचऱ्याचे भोक, किडे येऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावून, ठेवणे. अमेरिकेतल्या विद्युत पेट्यांच्या नेमा मानकांमधला ३आर हा प्रकार याच तत्त्वाचा: पाऊस-बर्फ अडवायचा, आत आलेले पाणी खाली जाऊ द्यायचे. स्वस्त पेटीसाठी हाच आदर्श योग्य. पूर्ण सीलबंदीचा हट्ट सोडावा.

वायर पेटीत शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते. फटी भरायला व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. त्यातून सुटणारे ॲसिटिक ॲसिड तांबे आणि सोल्डर खाते. न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. उष्णतेचाही हिशेब हवा: ३५० वॅटचा एसएमपीएस पूर्ण भारावर ८५ टक्के कार्यक्षमतेने चालला तर सुमारे ६० वॅट उष्णता पेटीतच राहते. मोठी पेटी घ्यावी किंवा भार कमी ठेवावा. पेटी जमिनीवर न ठेवता खुंटावर, साचणाऱ्या बर्फाच्या वर टांगावी.

कोणतीही पेटी विजेच्या धक्क्यापासूनचे संरक्षण नव्हे. अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९७३ पासून घराबाहेरच्या सॉकेटना जीएफसीआय सक्तीचे केले. सुमारे ५ मिलिॲम्पिअर गळती होताच ते वीज तोडते. आपल्याकडे हेच काम करणारी घरगुती आरसीसीबी सहसा ३० मिलिॲम्पिअरची असते. गणेशोत्सव भाद्रपदात, ऐन पावसात येतो आणि मंडपांवरही असे वेगवेगळे रंग बदलणारे पिक्सेल एलईडी चमकतात. तिथेही निचऱ्याचे भोक, खालून वायर आणि आरसीसीबी या तिन्ही गोष्टी तशाच लागू पडतात. पेटीवर वाचवलेले पैसे आधी आरसीसीबीवर खर्च करावेत आणि झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढावा.