परम, पॉवरबुक आणि पुढची चिप

हा भाग कानाने ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचणाऱ्यांसाठी, म्हणजे बोललेलंच थोडं नीट करून लिहिलंय.

पुण्याहून भंडाऱ्याला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. मावसभाऊ असो, शेजारचे काका असोत, प्रश्न तोच. ‘नवीन चिपवाले लॅपटॉप येऊन राहिले म्हणतेत. मंग आत्ता घेऊ, का थांबू?’ सॉफ्टवेअरवाला माणूस म्हणजे लॅपटॉपचा ज्योतिषी, असा आपल्याकडे समज आहे. पण प्रश्न चांगला आहे आणि जुना आहे. पस्तीस वर्षांपूर्वी पुण्यात काही इंजिनिअर अगदी याच प्रश्नापाशी उभे होते. फरक एवढाच, की त्यांना लॅपटॉप घ्यायचा नव्हता. त्यांना सुपरकॉम्प्युटर बांधायचा होता.

आधी आर्किटेक्चर म्हणजे काय ते बोलू. प्रोसेसरचा वेग नव्हे. त्याला कळणाऱ्या आज्ञांची भाषा. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर एक्स८६ नावाची भाषा बोलतात, तुमच्या फोनमधला प्रोसेसर आर्म नावाची. एकासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्यावर तसाच उचलून ठेवला तर चालत नाही.

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. नागपूर–नागभीड ही नॅरोगेज लाइन, पवनी रोड स्टेशन जिच्यावर आहे ती. २०१९ मध्ये ती ब्रॉडगेज करण्यासाठी बंद केली. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर होतं, ते १६७६ करायचं. स्टेशनांची नावं तीच, गावं तीच, माणसं तीच. पण जुना एकही डबा नव्या रुळांवर चालणार नाही. जोवर दोन्ही गेज होते, तोवर नागभीडला उतरून गाडी बदलावी लागायची. सामान डोक्यावर, पोरं काखेत. कॉम्प्युटरमध्ये जुना प्रोग्राम नव्या चिपवर चालवायला मध्ये एक भाषांतर करणारं सॉफ्टवेअर बसवतात ना, ते म्हणजे हे नागभीड. पोहोचता येतं, पण वेळ जातो. आणि काही सामान तिथेच राहतं.

आता ‘थांबू का’ या प्रश्नाचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. २००३ मध्ये ॲपलने पॉवरपीसी जी५ चिपचा डेस्कटॉप आणला. स्टीव्ह जॉब्जने स्टेजवरून सांगितलं, बारा महिन्यांत ३ गिगाहर्ट्झ. ते झालं नाही. लॅपटॉपमध्ये तर जी५ कधी आलाच नाही, कारण चिप इतकी तापायची की पातळ लॅपटॉपमध्ये ती बसवणार कशी? लोक ‘पॉवरबुक जी५’ची वाट बघत राहिले. शेवटी तो एक विनोदच झाला. ६ जून २००५ला जॉब्जने जाहीर केलं की ॲपल इंटेलवर जाणार. जानेवारी २००६ मध्ये पहिला इंटेलवाला मॅकबुक प्रो आला. म्हणजे जी५ची वाट बघणाऱ्यांना भलतीच चिप मिळाली.

त्या भाषणातलं माझं आवडतं वाक्य वेगळंच आहे. जॉब्जने सांगितलं, मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम गेली पाच वर्षं गुपचूप इंटेलवरही तयार होत होती. प्रत्येक आवृत्ती. कधी गरज पडेल हे कुणाला माहीत नव्हतं, तरी.

हे डोक्यात ठेवा आणि पुण्याला चला.

१९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचे सुपरकॉम्प्युटर हवे होते. हवामानाच्या अंदाजासाठी एक क्रे एक्स-एमपी मिळाला, तोही अटी घालून. बंगळुरूच्या आयआयएससीसाठी त्याहून ताकदवान मशिन हवं होतं, ते मिळालं नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक सुरू झालं, पुणे विद्यापीठाच्या आवारात. मुदत तीन वर्षं. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. शिकले नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, ज्याला आज व्हीएनआयटी म्हणतात. (हे सांगताना आवाज जरा मोठा झाला, ऐकताना कळलंच असेल.)

क्रेसारखा प्रचंड वेगवान प्रोसेसर बनवणं आपल्याला शक्य नव्हतं आणि विकतही कुणी देत नव्हतं. पण बाजारात साध्या, छोट्या चिपा मिळत होत्या. त्यातली एक ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची. नाव ट्रान्सप्युटर. ही चिप खास होती. तिला चार लिंक होत्या, चार हात म्हणा. प्रत्येक हाताने शेजारच्या ट्रान्सप्युटरला धरायचं आणि थेट बोलायचं. वेगळं नेटवर्क कार्ड नको, काही नको. एकीला एक जोडत जा, भिंत उभी राहते.

१९९१ मध्ये परम ८००० आला. टी८०० जातीचे ट्रान्सप्युटर, सुरुवातीच्या रचनेत ६४. पुढे २५६पर्यंत. २५६वाल्याचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला साधारण एक अब्ज गणितं. आज तुमच्या हातातल्या फोनची ग्राफिक्स चिप याच्या शेकडो पट करते, पण तेव्हा ही मोठी गोष्ट होती. हे मशिन रशिया, जर्मनीसारख्या देशांत निर्यातही झालं. इथवरची गोष्ट शाळेच्या भाषणांत असते. त्यापुढची फारशी कुणी सांगत नाही, आणि मला तीच महत्त्वाची वाटते.

कारण मशिन उभं राहिलं आणि चिप म्हातारी व्हायला लागली. टी८०० होती १९८७ची. इनमॉसने १९९१ मध्ये पुढची चिप जाहीर केली, टी९०००. दावा काय, तर आधीच्या चिपेच्या दहापट काम. कागदावर अप्रतिम. ट्रान्सप्युटरवर ज्यांनी ज्यांनी मशिनं बांधली होती, त्या सगळ्यांचे डोळे त्या एका चिपेकडे लागले. जर्मनीच्या पार्सीटेक कंपनीने तर तिच्यावर चालणारं आख्खं मशिन जाहीर करून टाकलं. चिप येईना. शेवटी त्यांनी तेच मशिन जुन्याच जातीचा ट्रान्सप्युटर घालून विकलं. टी९००० खूप उशिरा आली आणि ठरवलेला ५० मेगाहर्ट्झचा वेग तिला गाठता आला नाही. तोवर बाकीचं जग पुढे निघून गेलं होतं. आख्खी ट्रान्सप्युटर जातच तिथे संपली.

पुण्याने नुसती वाट बघितली नाही. परम ८६०० मध्ये त्यांनी एक जुगाड केला, आणि जुगाड हा शब्द मी आदराने वापरतोय. गणितासाठी इंटेलची आय८६० ही चिप घेतली आणि बोलाचाली ट्रान्सप्युटरकडेच ठेवली. एक जण हिशेब करणार, एक जण निरोप पोहोचवणार. पार्सीटेकने पुढे पॉवरपीसी घेऊन असंच केलं. गंमत बघा, ती आय८६० पण टिकली नाही. पाच-सहा वर्षांत बाजारातून गेली.

म्हणजे दोन चिपा, दोन्ही गेल्या. आता तिसरी कुठली निवडायची? १९९४च्या परम ९०००च्या वेळी सीडॅकने हा प्रश्नच बदलला. त्यांनी रचना अशी केली की चिप हा बदलता येणारा भाग असेल. नाव दिलं ओपनफ्रेम. सनची स्पार्क चिप बसवली, पण चौकट अशी की दुसऱ्या जातीचा प्रोसेसरही चालावा. खाली युनिक्स. आणि त्याच वर्षी जगात एमपीआय नावाचं स्टँडर्ड आलं होतं, अनेक प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप कसे पाठवायचे याचे ठरलेले नियम. प्रोग्राम या नियमांवर लिहा, खाली कुठली चिप आहे ते विसरा.

त्यानंतरचा प्रवास भराभर सांगतो. १९९८ मध्ये परम १००००, अल्ट्रास्पार्कवर. मग परम पद्म, आयबीएमच्या पॉवर४ वर. जून २००३च्या जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत १७१वा. २००८ मध्ये परम युवा, इंटेल झिऑनवर. मोजलं का तुम्ही? ट्रान्सप्युटर, आय८६०, स्पार्क, पॉवर, एक्स८६. सतरा वर्षांत पाच आर्किटेक्चर. मॅकने १९८४ ते २०२० या छत्तीस वर्षांत चार बघितली, आणि तिकडे प्रत्येक वेळी जगभर बातमी होते. इकडे पुण्यात गुपचूप पाच झाली.

यात मागे काय राहिलं? ट्रान्सप्युटरची स्वतःची भाषा होती, ऑकम. सुंदर भाषा, तिच्यातल्या कल्पना आजच्या गो भाषेत दिसतात. पण खास तिच्यात लिहिलेले प्रोग्राम चिपेबरोबर गेले. फोर्ट्रानमध्ये लिहिलेलं हवामानाचं गणित, जे त्यापेक्षाही जुनं, ते तरलं. नव्या चिपेवर पुन्हा कंपाइल केलं, निरोप पाठवायचा भाग नव्याने लिहिला, झालं.

याच सीडॅकची दुसरी गोष्ट आपल्या मराठीची आहे, म्हणून थोडं वळण घेतो. जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम सीडॅकमध्ये आलं आणि त्यातून डॉसच्या पीसीत खोचायचं एक कार्ड तयार झालं. ते बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये देवनागरी उमटायची. जादूच. मग विंडोज आलं, लॅपटॉप आले, कार्ड खोचायची जागाच गेली. कार्ड संपलं. पण त्या कामाबरोबर अक्षरांना नंबर देण्याची एक पद्धत पक्की झाली होती, इस्की. १९८८चं इस्की समोर ठेवूनच युनिकोडने देवनागरीचा तक्ता लावला. तुम्ही व्हॉट्सॲपवर ‘क’ दाबता तेव्हा ती मांडणी अजून जिवंत असते.

याच्या उलट झालं ते डीटीपीच्या दुकानांत. तिथे प्रत्येक सॉफ्टवेअरने फॉन्टचे आपापले नंबर ठरवले होते. माझ्या ओळखीच्या एका कंपोझिंगवाल्या दादाच्या दुकानात वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, एका शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक, सगळं जुन्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर फाइल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. सॉफ्टवेअर चालायला यूएसबीला एक डोंगल लागतं. डोंगलचा ड्रायव्हर जुन्या विंडोजचा.

आणि इथे आपण आजच्या प्रश्नावर येतो. नोव्हेंबर २०२०ला ॲपलने एम१ चिपचे मॅक आणले, आर्मवर. आता त्यांनी सांगून टाकलंय की इंटेलच्या मॅकना मिळणारी शेवटची आवृत्ती म्हणजे मॅकओएस टाहो. जून २०२४ पासून विंडोजकडेही स्नॅपड्रॅगन एक्सचे आर्म लॅपटॉप आहेत. त्यात जुने एक्स८६ प्रोग्राम भाषांतर करून चालतात, बरेचदा छान चालतात. पण ड्रायव्हरचं भाषांतर होत नाही. ड्रायव्हर खास आर्मसाठीच बनवलेला लागतो. म्हणजे दादाचं डोंगल नागभीडलाच उतरणार. कदाचित दुकानातला जुना प्रिंटरही.

म्हणून कुणी ‘घेऊ का थांबू’ विचारलं की मी चिपेबद्दल बोलतच नाही. उलटा प्रश्न विचारतो: तुझ्याकडे असं काय आहे, जे फक्त याच मशिनवर चालतं? ब्राउझर, व्हिडिओ, कॉलेजचं पायथन, एवढंच असेल तर आवडेल तो लॅपटॉप घे, आज घे. डोंगल, टॅली जोडलेला जुना प्रिंटर, सरकारी सहीचं टोकन असं काही असेल, तर आधी त्याचा आर्म ड्रायव्हर आहे का ते दुकानदाराला नाही, बनवणाऱ्या कंपनीला विचार. दादाला मी सांगितलं, नवं मशिन राहू दे, जुनं चालू आहे तोवर रोज रात्री दहा फाइली युनिकोडमध्ये करून ठेव. तो म्हणाला, ‘दहा? बाप्पा! वीस वर्षांचं काम आहे रे ते.’ खरंय. पण मशिन बंद पडल्यावर दहासुद्धा होणार नाहीत.

कामावर आम्हीही हेच करतोय. आमच्या टीमचा एक प्रोग्राम एक्स८६ सर्व्हरवरून आर्मवर नेला. नव्वद टक्के कोड नुसता पुन्हा कंपाइल केला. एका जागी वेळ गेला, कारण सी भाषेतला एक साधा टाइप लिनक्सवर एक्स८६ला उणे आकडे धरतो आणि आर्मला धरत नाही. आणि एक लायब्ररी अशी निघाली, जिचा सोर्स कोड आता कुणाकडेच नाही. तेवढ्यासाठी एक जुना सर्व्हर अजून चालू ठेवलाय.

पुण्यातही पुन्हा वाट बघणं सुरू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र मशिनांचं लोकार्पण झालं, त्यातलं एक नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी आहे. आत प्रोसेसर इंटेलचाच. पण सीडॅक स्वतःचा प्रोसेसर आखतंय, नाव औम, ९६ कोर, आर्मवर. तो बनून आला तर परमचं सहावं आर्किटेक्चर होईल, आणि पहिलंच जे सीडॅकने स्वतः आखलेल्या चिपेवर असेल. तिरुवनंतपुरमच्या सीडॅकमध्ये वेगा नावाचे रिस्क-फाइव्ह प्रोसेसरही तयार झालेत. त्यावर पुढचा भाग करतोय. रिस्क-फाइव्हचा छोटा बोर्ड मागवलाय, त्यावर मराठी टाइप होतंय का तेवढं बघून घेतो.