बाईच्या शरीरातला राखणदार



लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘उन्हाळी लागली असेल, धण्याचं पाणी पी.’ लघवी लालसर दिसली की दुसरं वाक्य, ‘पाळीचं असेल.’ पुष्कळदा ते खरंही असतं. पण कधी कधी ते रक्त किडनीतून आलेलं असतं. किडनीचा कर्करोग हा पुरुषांचा आजार, असा समज आहे. त्यामुळे बाईच्या बाबतीत तो लवकर कुणाच्या मनात येत नाही. आज आम्ही या समजामागचा इतिहास सांगणार आहोत.

समज अगदीच खोटा नाही. जगभर हा कर्करोग बायकांपेक्षा पुरुषांना साधारण दुप्पट प्रमाणात होतो. विडी-सिगारेट, लठ्ठपणा, वाढलेला रक्तदाब ही त्याची कारणं आहेत. पण ती जमेस धरली तरी फरक पुरता मिटत नाही. मग बाईच्या शरीरात असं वेगळं काय आहे?

पहिला संशय गेला हार्मोनवर. १९४० नंतरच्या वर्षांत प्रयोगशाळेत एक गोष्ट दिसली. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यातल्या नरांना इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन दीर्घकाळ दिलं, तर त्यांच्या किडनीत गाठी होत. त्यावरून लंडनचे डॉक्टर ब्लूम यांनी १९६०च्या दशकात रुग्णांना उलट्या बाजूचं हार्मोन द्यायला सुरुवात केली. औषधाचं नाव मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. आपल्याकडच्या ‘अंतरा’ इंजेक्शनात असतं तेच. घाबरू नका, त्या गाठी या औषधाने नव्हे, इस्ट्रोजेनने आणि तेही हॅमस्टरमध्ये झाल्या होत्या. सुरुवातीला आशा वाटली, पण उपाय फारसा लागू पडला नाही. १९९९ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. प्रतिकारशक्तीला चेतवणारं इंटरफेरॉन घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण ८.५ महिन्यांहून अधिक जगले. हार्मोनवाल्यांत हाच आकडा ६ महिने होता. फरक अडीच महिन्यांचाच, पण वाट कोणत्या बाजूला आहे ते त्यातून कळलं.

दुसरा धागा सुरू होतो मांजरीपासून. १९४९ साली कॅनडात मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी बर्ट्राम मांजरांच्या मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. मादीच्या पेशीत एक गडद ठिपका दिसे, नराच्या पेशीत दिसत नसे. तो ठिपका कशाचा, याचा उलगडा १९६१ साली इंग्लंडच्या मेरी लायन या बाईंनी केला. बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय. बाईच्या दोन एक्सपैकी एक गुणसूत्र प्रत्येक पेशीत निजून जातं, असं लायनबाईंनी मांडलं. तो ठिपका म्हणजे निजलेलं एक्स. आपल्या गल्लीतली काळ्या-नारिंगी ठिपक्यांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच का असते, त्याचं कारणही हेच. कुठे एक एक्स जागं, कुठे दुसरं, म्हणून रंगही दोन.

पुढे कळलं, की निजलेलं गुणसूत्र पूर्ण निजत नाही. त्यावरची काही जनुकं जागीच राहतात. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हजारो गाठींची तपासणी करून अशी सहा जनुकं दाखवली, जी कर्करोगाला आवर घालतात आणि बाईत दोन्ही एक्सवर जागी असतात. त्यातलं एक, केडीएम५सी, किडनीच्या कर्करोगात बिघडलेलं सापडतं, आणि जास्त करून पुरुषांत. सोपं करून सांगायचं, तर पुरुषाच्या दाराशी एकच राखणदार असतो. तो पडला की दार उघडं. बाईच्या दाराशी दुसरा उभा असतो.

याच एक्स गुणसूत्रावर प्रतिकारशक्तीची कितीतरी जनुकं आहेत. म्हणून बाईची प्रतिकारशक्ती बरेचदा जास्त तेज असते. लसीनंतर बायकांच्या रक्तात सहसा प्रतिपिंडंही जास्त तयार होतात. मात्र याची किंमतही आपणच मोजतो. ही शक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, तेव्हा ल्युपससारखे आजार होतात. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत नऊ बायका असतात.

आता हे दोन धागे जोडून बघा. किडनीच्या कर्करोगावर आज प्रतिकारशक्तीला बळ देणारी औषधं वापरतात. अमेरिकेत १९९२ साली इंटरल्यूकिन-२ला मान्यता मिळाली. २०१५ साली प्रतिकारपेशींचा ब्रेक सोडवणाऱ्या निवोलुमॅबला मिळाली. ज्यांच्या शोधातून ही ब्रेक सोडवणारी औषधं आली, त्या ॲलिसन आणि होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. मग स्त्री आणि पुरुषाची प्रतिकारशक्ती वेगळी असेल, तर औषधाचा गुणही वेगळा येईल का? २०१८ साली निरनिराळ्या कर्करोगांच्या २० चाचण्या एकत्र करून एका गटाने सांगितलं, की पुरुषांना फायदा जास्त दिसतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने हिशेब पुन्हा मांडला आणि म्हटलं, की ठोस फरक दिसत नाही.

वाद मिटत नाही याचं एक कारण साधं आहे. त्या २० चाचण्यांमधल्या ११,३५१ रुग्णांपैकी दोन-तृतीयांश पुरुष होते. काही कर्करोग पुरुषांना जास्त होतात, हे खरं. पण बायकांना संशोधनाच्या दाराबाहेर ठेवण्याची सवयही जुनीच होती. थॅलिडोमाइड या गोळीने जन्मजात व्यंग असलेली हजारो मुलं जन्मली, त्याची धास्ती होती. म्हणून अमेरिकेने १९७७ साली मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. हा नियम १९९३ साली मागे घेतला गेला. सोळा वर्षं बाईचं शरीर वेगळं म्हणून बाजूला ठेवलं, आणि उत्तराची एक किल्ली त्याच वेगळेपणात होती.

आम्हाला आज एवढंच सांगायचं आहे. दुसरा राखणदार आहे, म्हणून दार कधी फुटतच नाही असं नाही. पुरुषांच्या निम्मा धोका म्हणजे शून्य धोका नव्हे. २०१३ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात दिसलं, की मूत्राशयाचा किंवा किडनीचा कर्करोग असलेल्या बायकांना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं जाण्याआधी पुरुषांपेक्षा जास्त वेळा तीन किंवा अधिक खेपा माराव्या लागल्या.

तेव्हा, मैत्रिणींनो, पाळीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तारीख नसताना लघवीत रक्त दिसलं, किंवा पाळी गेल्यानंतर दिसलं, तर थांबू नका. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका, या आजारात पुष्कळदा दुखतच नाही. गोळ्या घेऊनही पुन्हा रक्त दिसलं, तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘लघवीची तपासणी करू या का? सोनोग्राफी करायची का?’ सासूबाईंना, जाऊबाईंना, शेजारणीलाही हे सांगा. धण्याचं पाणी खुशाल प्या, पण तपासणी करून घ्या.

पुढच्या भेटीपर्यंत, नमस्कार.