बदलत्या हवामानातील सागरी मत्स्यव्यवसाय : महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील संकट आणि संवर्धनाचे उपाय

अरबी समुद्राचे वाढते तापमान, वारंवार येणारी चक्रीवादळे आणि अनिर्बंध मासेमारी या तिहेरी ताणामुळे महाराष्ट्रातील सागरी मत्स्यव्यवसाय अस्थिर झाला आहे. पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सात किनारी जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांची उपजीविका या व्यवसायावर अवलंबून आहे. त्यामुळे संवर्धनाचा प्रश्न पर्यावरणाइतकाच रोजगाराचाही आहे.

घटलेल्या उत्पादनाचा इशारा

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात केवळ २.०१ लाख टन सागरी मासळी उतरवण्यात आली. आदल्या वर्षी हे प्रमाण २.९५ लाख टन होते. २०१९ चे उत्पादन गेल्या ४५ वर्षांतील नीचांकी ठरले. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ यांसारख्या वादळांमुळे ऐन हंगामात नौका वारंवार बंदरात परत आणाव्या लागल्या. पाठोपाठ जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तर मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने कोकणपट्टीला तडाखा दिला.

हा योगायोग नसल्याचे संशोधनातून दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. याच काळात बंगालच्या उपसागरात ती ८ टक्क्यांनी घटली.

तापमानवाढीचा मासळीवर परिणाम

पृष्ठभागाचे पाणी तापले की ते हलके होऊन वरच राहते आणि खालच्या थंड, पोषक द्रव्यांनी युक्त पाण्यात मिसळण्याची क्रिया मंदावते. परिणामी सागरी अन्नसाखळीचा पाया असलेले वनस्पती प्लवक कमी होते. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवकाचे प्रमाण काही भागांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचा निष्कर्ष २०१६ मधील एका अभ्यासात काढण्यात आला होता.

मासळीही आपल्याला मानवणाऱ्या तापमानाच्या शोधात स्थलांतर करते. पूर्वी प्रामुख्याने केरळ व कर्नाटकच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या तारलीचा विस्तार उत्तरेकडे झाला आहे, तर बांगडा उत्तरेकडे आणि अधिक खोल पाण्यातही मिळू लागला आहे. ठरावीक हंगामात ठरावीक ठिकाणी डोळ जाळे लावणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराला अशा बदलाचा मोठा फटका बसतो. यांत्रिक नौका मासळीचा माग काढत दूर जाऊ शकते. लहान होडीला ती मुभा नसते.

किनाऱ्याची उत्पादकता नद्यांवरही अवलंबून असते. जबलपूरमार्गे वाहणारी नर्मदा भडोचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. धरणांमुळे गोड्या पाण्याचा ओघ कमी झाल्याचा परिणाम नर्मदामुखातील हिलसा माशावर दिसून आला आहे. म्हणजेच, मासळीच्या संवर्धनात अंतर्गत राज्यांतील जलव्यवस्थापनाचाही वाटा आहे.

कायदा आणि नियमन

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या, तर त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतची केंद्राच्या अखत्यारीत येते. राज्यात महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू असून २०२१ मधील सुधारणेनंतर दंडाची रक्कम लाखांच्या घरात नेण्यात आली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी करण्यास बंदी असते. अनेक गावांत आजही नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करूनच होड्या लोटल्या जातात. प्रजनन काळात समुद्राला विसावा देणारी ही परंपरा कायद्याहून जुनी आहे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालून ती सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांपुरती मर्यादित केली. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी आकर्षित करून पकडण्यास केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर नऊ ड्रोनद्वारे टेहळणी सुरू करण्यात आली.

लहान मासळीचे संरक्षण

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित करण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान निश्चित केले. त्यानुसार पापलेटसाठी १३५, तर बोंबलासाठी १८० मिलिमीटर ही मर्यादा आहे. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडला गेल्यास पुढील पिढीच खुंटते, हे यामागील शास्त्रीय तत्त्व आहे. मात्र जाळ्यात आलेला लहान मासा बहुधा बंदरात पोहोचण्यापूर्वीच मेलेला असतो. त्यामुळे बाजारातील तपासणीपेक्षा जाळ्याच्या आसाचा आकार निर्णायक ठरतो.

संवर्धनात मच्छीमारांना भागीदार करून घेण्याचे प्रयत्नही झाले आहेत. जाळ्यात अडकलेले कासव किंवा अन्य संरक्षित जीव जाळे कापून सोडून देणाऱ्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात डिसेंबर २०१८ पासून आहे. मालवण येथे १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्राचे सागरी अभयारण्य घोषित झाले आहे.

पुढील दिशा

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील ३७.७ टक्के सागरी मत्स्यसाठ्यांवर अतिमासेमारीचा ताण आहे. भारतातील स्थिती तुलनेने समाधानकारक असून, २०२२ मध्ये तपासलेल्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के साठे निकोप असल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेला आढळले. हा समतोल टिकवायचा असेल, तर बंदीच्या तारखा आणि आकारमानाच्या मर्यादा बदलत्या प्रजनन काळानुसार वेळोवेळी तपासाव्या लागतील. महाराष्ट्राने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आहे. वादळामुळे बुडालेल्या दिवसांची झळ लहान मच्छीमाराला एकट्याने सोसावी लागू नये, यासाठी या दर्जाचा उपयोग कितपत होतो, यावर संवर्धनाच्या नियमांना किनाऱ्यावरून मिळणारे सहकार्य अवलंबून राहील.