कटीची जखम आणि इतिहासाचें मौन

वसईच्या वेढ्याची हकीकत आपल्याकडे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांच्या सुरुंगांनीं तट फुटला आणि पोर्तुगिजांनीं किल्ला सोडला. कांहीं सुरुंग उशिरां उडून चढाई करणारे आपलेच लोक दगडांखालीं सांपडले. मेलेल्यांची मोजदाद इतिहास करतो. घायाळांची मात्र एका शब्दांत बोळवण होते. कंबर चिरडून जो वांचला असेल, त्याच्या पुढील आयुष्याची चौकशी कोणीं केली?

वैद्यकानें या जखमेची दखल फार पूर्वींच घेतली आहे. सुश्रुतानें बस्ति आणि गुद हीं तत्काळ प्राण घेणारीं मर्में मानलीं. तथापि बस्ति एकाच बाजूनें भेदल्यास मूत्र झिरपणारा व्रण होतो व तो यत्नानें भरून येतो, असेंही त्यानें नोंदविलें. हा ‘यत्न’ शब्द आम्हांस मोलाचा वाटतो.

कटीचें हाड हें मूत्राशय व गुदाचें कवच होय. तें मोडलें म्हणजे पुरुषाचा मूत्रमार्ग फाटूं शकतो. अशा वेळीं घाईनें नळी घातल्यास अर्धवट फाटलेला मार्ग पुरता तुटण्याचें भय असतें. म्हणून पुष्कळदां ओटीपोटांतून वाट काढतात. त्रिकास्थींतून निघणाऱ्या मज्जातंतूंस इजा झाल्यास लघवी तुंबते किंवा नकळत होते. मलाचीही तीच गत होते.

याच तंतूंची सत्ता पाठीचा कणा मोडल्यानेंही जाते. पहिल्या महायुद्धांत असे बहुतेक सैनिक मूत्रदोषानें व शय्याव्रणांनीं दगावले. १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें गटमन यांनीं काटेकोर शुश्रूषेनें त्यांस जगविलें. १९७२ सालीं अमेरिकेंत लॅपिडिस यांनीं दाखविलें कीं, रुग्ण स्वच्छ हातांनीं स्वतःच ठराविक वेळीं नळी घालून मूत्राशय रिता करूं शकतो. शौचासही जेवणानंतरची नेमकी वेळ व औषधाची बत्ती यांनीं वळण लावतां येतें.

आज वसई-विरारांत तोफा नाहींत. पण रेल्वेचे व रस्त्यांवरचे अपघात आहेत. हाड जुळलें कीं रुग्ण बरा झाला, असें घरचे समजतात, आणि तो लाजेनें पाणी पिणें, समारंभास जाणें, अखेर बोलणेंही सोडतो. आमच्या मतें येथें दुखण्याहून मौन अधिक घातक आहे. इतिहासानें जें विचारलें नाहीं, तें निदान आपण आपल्या घरांतील जखमी माणसास विचारावें.