कानांनी पाहिलेला खेळ



डहाणू-तलासरीच्या या सीमाभागात उभे राहून आम्ही क्रिकेटच्या धावत्या समालोचनाचा इतिहास सांगणार, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मुंबईची मैदाने येथून सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर. विरारपर्यंतची लोकल डहाणूरोडला आली तीही 2013 साली. मग येथल्या माणसाचा आणि त्या खेळाचा संबंध काय? आमचे उत्तर असे की, समालोचकाचा खरा धनी मैदानावर बसलेला प्रेक्षक नव्हेच. जो तेथे जाऊ शकत नाही तो त्याचा धनी. म्हणून समालोचकाच्या कारकिर्दीचे मोजमापही दूरच्या गावाहूनच करावयास हवे.

ही कला आपल्याकडे फार जुनी नाही. 1921 साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या नभोवाणी केंद्राने मुष्टियुद्धाचे वर्णन ऐकविले. 1927 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये रग्बीचा सामना बीबीसीने प्रक्षेपित केला, तेव्हा श्रोत्यांना चेंडू कोठे आहे ते कळावे म्हणून मैदानाचे क्रमांक घातलेले चौकोन नियतकालिकातून छापून दिले होते. नुसत्या शब्दांनी खेळ दिसेल, असा भरवसा त्या वेळी कोणालाच नव्हता. त्याच वर्षी 23 जुलैला मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. आणि 1934 साली चौरंगी स्पर्धेतील पारशी विरुद्ध मुसलमान या सामन्याच्या वेळी एस्प्लनेड मैदानावर एक माणूस ध्वनिक्षेपकासमोर बसला. त्याचे नाव आर्देशीर फर्दुरजी सोराबजी तल्यारखान. लोक त्यांना 'बॉबी' म्हणत.

तल्यारखान पारशी होते. पारशी समाजाचे आणि या प्रदेशाचे नाते आपणांस सांगावयास नको. संजाण पडल्यावर पवित्र अग्नी येथल्याच बहरोटच्या डोंगरात लपवून राखल्याची आठवण तो समाज अद्याप जपतो, आणि बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्या पारशी-इराणी कुटुंबांचे श्रम सांगतात. तल्यारखानांचा आवाज भरदार, भाषा इंग्रजी आणि दम विलक्षण. जेवणाची व चहाची सुटी सोडली, तर दिवसभर ते एकटे बोलत.

परंतु केवळ दमासाठी आम्ही त्यांचे स्मरण करीत नाही. ज्या स्पर्धेने त्यांना कीर्ती दिली, ती जातवार संघांची होती. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन. 1937 पासून त्यांत 'उर्वरितां'चा पाचवा संघ आला. पुढे 1940 साली गांधीजींनी या पंचरंगी सामन्यांविरुद्ध आपले मत दिले, आणि तल्यारखानांनीही आपली लेखणी त्यांच्याविरुद्ध चालविली. ज्या फांदीवर आपण बसलो ती सडलेली आहे असे उघड म्हणणे सोपे नसते. 1946 नंतर ती स्पर्धा पुन्हा भरली नाही.

याच माणसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1948-49 साली वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हा आकाशवाणीने एकाऐवजी अनेक समालोचक नेमावयाचे ठरविले. तल्यारखानांना ध्वनिक्षेपकाची वाटणी मान्य झाली नाही. ते बाजूला झाले. आमच्या मते येथे त्यांचे चुकले. आवाज आपला असला तरी ध्वनिक्षेपक लोकांचा असतो, हे ते क्षणभर विसरले. यानंतरचा समालोचनाचा इतिहास म्हणजे तो ध्वनिक्षेपक हातोहात पुढे जाण्याचाच इतिहास होय.

तो इंग्रजीतून मराठीत आला यात पुण्याच्या बाळ ज. पंडितांचा वाटा फार मोठा आहे. पंडित 1929 साली जन्मले, रणजी सामन्यांत महाराष्ट्राकडून खेळले आणि 2015 साली वारले. आकाशवाणीवरून मराठीत समालोचन करून आणि क्रिकेटवर मराठीत पुस्तकांमागून पुस्तके लिहून त्यांनी हा खेळ माजघरापर्यंत नेला. जे इंग्रजी जाणत नव्हते, त्यांना तोवर रेडिओतून फक्त टाळ्यांचा कडकडाट कळत असे; तो कशासाठी झाला ते दुसऱ्यास विचारावे लागे.

हे काम किती अवघड होते, ते शब्दांवरूनच पाहा. 'गोलंदाज' हा आपल्या तोफखान्यातला जुना शब्द. त्याला मैदानावर आणून त्याच्या जोडीस 'फलंदाज' उभा केला. 'चीत' हा तालमीतला शब्द. त्यावरून 'धावचीत', 'पायचीत', 'त्रिफळाचीत' झाले. कुस्ती पाहिलेल्या शेतकऱ्याला 'चीत' म्हटल्याबरोबर कोण हरले ते कळते. हे शब्द कोणा एकाचे नव्हेत. वृत्तपत्रांतील क्रीडालेखक आणि समालोचक या दोघांनी मिळून ते रुळविले. पण छापील शब्द वाचकाला दोनदा वाचता येतो. बोललेला शब्द चेंडू सीमापार जाण्याच्या आत समजला पाहिजे. ती कसोटी समालोचकाची.

मुंबईचे विजय मर्चंट हे याच परंपरेतले आणखी एक नाव. मोठे फलंदाज तर ते होतेच. निवृत्तीनंतर ते नभोवाणीवर आले. 1960 च्या जानेवारीत ब्रेबोर्न मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेगने अर्धशतक केले, आणि एका तरुणीने मैदानात धावत येऊन त्याचे चुंबन घेतले. तेव्हा, आपण शतके-द्विशतके काढीत होतो त्या काळी या धीट मुली कोठे होत्या, असे मर्चंट समालोचन करताना म्हणाले. पुढे विविध भारतीवरून रविवारी 'क्रिकेट विथ विजय मर्चंट' हा त्यांचा कार्यक्रम होई. सामना नसतानाही खेळाविषयी श्रोत्यांशी बोलत बसणे, ही गोष्ट त्यांनी घरोघर परिचयाची केली.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईत दूरदर्शन आले. 1976 पर्यंत ते आकाशवाणीचाच भाग होते. साहजिकच रेडिओवर तयार झालेली माणसे चित्रासमोर बसू लागली. आता काम उलटे झाले. दिसते ते सांगावयाचे नाही. जे दिसत नाही तेवढेच सांगावयाचे. आज तर 2023 पासून आयपीएलचे सामने मोबाइलवर मराठीसह अनेक भाषांतून ऐकता येतात.

मग इतिहास पुरा झाला काय? तलासरीत उभे राहून आम्हांला तसे म्हणवत नाही. 1960 साली राज्ये वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले, आणि येथल्या आदिवासी गावांतून सरकारी सीमारेषा गेली. भाषा मात्र रेषेपाशी थांबत नाहीत. वारली मुलाच्या घरातील बोली आणि रेडिओतील पुणेरी मराठी यांत अंतर आहे. जी मराठी आपणांस इंग्रजीपासून मुक्ती वाटली, तीच त्याला शाळेत जाऊन शिकावी लागली. आपण आत आलो आणि दार लावून घेतले, असे होऊ नये.

सुदैवाने ते दार लोकांनीच ढकलून उघडे ठेवले आहे. उन्हाळ्यात भाताची खाचरे मोकळी झाली म्हणजे टेनिस चेंडूचे सामने भरतात. कर्णा झाडाला बांधतात आणि गावातलाच एखादा तरुण ध्वनिक्षेपक हाती घेतो. फलंदाजाला तो पाड्याच्या नावाने ओळखतो. मराठीत सुरुवात करतो. षटकार गेला की त्याच्या घरची बोली तोंडातून निघते, मधूनच एखादा गुजराती शब्द येतो. ज्या समाजात लग्न लावणारी धवलेरी आपल्या गाण्याने अख्खा मांडव धरून ठेवते, त्या समाजाला बोलका आवाज कोणी उसना द्यावा लागत नाही.

या तरुणांची नोंद कोठेही होत नाही. सामना संपला, कर्णा उतरला की त्यांचे शब्दही गेले. म्हणून आपणांस आमची एकच विनंती आहे. येत्या रविवारी अशा सामन्याला जा, आणि खेळाबरोबर त्या मुलाचे बोलणेही ऐका. जमल्यास ध्वनिमुद्रित करून ठेवा. गोलंदाज या शब्दाला तोफखान्यातून मैदानात आणणारे जसे कोणी होते, तसा त्याच्या बोलीतला एखादा शब्द उद्या आपल्या सर्वांचा होईल. तो शब्द आला कोठून, हे तेव्हा कोणाला तरी सांगता आले पाहिजे.