धोंड्याच्या महिन्यात गंगेपार

पायातल्या वहाणा काढा आणि काखेत मारा. धोतर गुडघ्याच्या वर खोचा, इथला काळा गाळ कुणाची गय करत नाही. तुम्ही शंभरएक वर्षं मागे आला आहात, गोदावरीच्या उत्तर काठावर. इथं तिला सगळे गंगाच म्हणतात. अधिक श्रावण चालू आहे. 32-33 महिन्यांनी येणारा हा धोंड्याचा महिना, आणि पैलतीरी माजलगावच्या मुलखात पुरुषोत्तमपुरीचं देऊळ. अख्खा काठ माणसांनी फुललाय.

वास येतोय? ओली घोंगडी, शेण, तंबाखू, आणि त्या सगळ्यावर मात करणारं तूप. शेजारच्या आजींनी फडक्यात पुरणाचे धोंडे बांधून घेतलेत. मागे लेक-जावई. जावयाचं धोतर कोरं करकरीत आहे आणि तो चिखलात एकेक पाऊल जपून टाकतोय.

नाव लागली! रेटा बसतो, कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत जातं, आणि तुम्ही आत. फळ्या ओल्या, पायाखाली बोटभर पाणी. "बूड टेका मालक, हुबं राहू नका!" नावाडी ओरडतो. तुम्ही एका गाठोड्यावर बसता. पण हा चाललाय कुठं? देऊळ समोर आणि नाव काठाकाठानं वरच्या अंगाला! घाबरू नका. बरंच वर गेल्यावर तो नावेचं तोंड पाण्यात घालतो. आता धारच तिला तिरकी खाली नेते आणि बरोबर उताराच्या घाटाला लावते. सरळ निघाला असता तर तुम्ही कोस-अर्धा कोस खाली लागला असता.

मधोमध आलात की गलका थांबतो. ऐकू येतं ते फक्त वल्ह्यांचं पाणी. बायका हळदकुंकू सोडतात. डावीकडे एक गडी बैलाची शेपटी धरून पोहतोय. उजवीकडे एकानं वाळके भोपळे बांधून सांगड केलीय. आणि ती पाहा काहील! गुऱ्हाळावर रस आटवायची लोखंडी कढईच पाण्यात सोडलीय. आत चौघं, तोंडं एकमेकांकडे करून, उकिडवी. वल्हं एका अंगाला जास्त पडलं की काहील भोवऱ्यासारखी फिरते. उतरताना चौघांच्याही कपड्यांना काजळी.

पोचलात. देवळात गर्दी रेटतेय, घामानं अंग चिकट झालंय, तरी भिंतीला हात लावा. या देवळाच्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यात टाकल्या तर तरंगतात. यादव राजा रामचंद्राच्या काळचा शके 1232 चा ताम्रपट याच गावचा. वीट, भोपळा, काहील, नाव: सगळ्यांचं गणित एकच. पोटात हवा धरायची आणि आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारायचं. 200 लिटरचं बंद पिंप स्वतःचं वजन सांभाळून दोन माणसं सहज पेलतं.

मग अशी पिंपं ओळीनं बांधली तर? चला, तेही अनुभवा. इराणच्या सम्राट झर्क्सीसनं इसवी सनापूर्वी 480 साली जहाजं शेजारी शेजारी बांधून समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडली. वर फळ्या, फांद्या, माती. आणि जनावरं पाणी बघून बुजू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना आडोसा. तरंगत्या पुलाची तीच युक्ती प्रयागच्या पीपा पुलावर तुमच्या पायाखाली धडधडते. पाऊल पडलं की लोखंड किंचित दबतं आणि पुन्हा वर येतं. 2025 च्या महाकुंभात असे 30 पूल होते.

पण प्रयागलाही हे पूल पावसाळ्याआधी उचलावे लागतात. पुराची धार साखळ्यांना जुमानत नाही. आपली गंगा तर उन्हाळ्यात पायी उतरू देते आणि श्रावणात काठ गिळते. ज्या दिवसांत पूल हवा, त्याच दिवसांत तरंगता पूल टिकणार नाही. म्हणून इथं पिढ्यान्‌पिढ्या भरवसा होता तो धार ओळखणाऱ्या नावाड्यावर.

आता परत या. ढालेगावजवळच्या पुलावरून माजलगाव ते पाथरी हा प्रवास करताना गाडीची काच खाली करायचीही गरज पडत नाही. सोय मोठी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण नाव कुठून सोडायची, कुठं लावायची, कोणत्या पाण्याला जायचंच नाही, ही विद्या कुणी फारशी कागदावर उतरवलेली नाही. ती अजून काही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. पुरुषोत्तमपुरी, मंजरथ, ढालेगाव, या काठांवर तुमचं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून घ्या. पुढच्या धोंड्याच्या महिन्याची वाट पाहू नका.